आठशे ऐंशी घरं, पण गावं किती?

एका जिल्ह्यातल्या किती घरांत नळाचं पाणी येतं, हे शोधायचं आहे. समजा, ४० गावं निवडली आणि प्रत्येक गावातल्या २२ घरांत जाऊन विचारलं. एकूण ८८० घरं; त्यांतल्या निम्म्यांत नळ निघाला. पण '५० टक्के' हे अर्धंच उत्तर. दुसरी गावं निवडली असती तर हा आकडा किती खाली-वर झाला असता, हे कळल्याशिवाय त्यावर निर्णय घेता येत नाही.

हे खाली-वर होणं मोजण्याची विलक्षण रीत स्टॅनफर्ड विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडली एफ्रन यांनी १९७९ मध्ये मांडली. तिचं नाव बूटस्ट्रॅप. पुन्हा पुन्हा सर्वेक्षण करणं परवडत नाही, म्हणून हाती आलेल्या नमुन्यालाच जिल्हा मानायचं. ८८० घरांच्या चिठ्ठ्या करायच्या. एक उचलायची, नोंदवायची, परत टाकायची, असं ८८० वेळा. काही घरं दोन-तीनदा येतात, काही येतच नाहीत. या नव्या नमुन्याची टक्केवारी काढायची. संगणक हेच हजार-दोन हजार वेळा चुटकीसरशी करतो. या टक्केवाऱ्या जितक्या पसरतात, तितकी आपल्या उत्तरातली अनिश्चितता.

आपल्या उदाहरणात ही रीत सांगेल : ५० टक्के, तीन इकडे किंवा तीन तिकडे. आणि हे उत्तर चुकीचं असेल.

शेजाऱ्यांचं साम्य

कारण ही घरं एकमेकांपासून सुटी नाहीत. पाणीयोजना येते ती गावाला. एका घरी नळ असेल तर शेजारीही असण्याची शक्यता मोठी. शितावरून भाताची परीक्षा होते, पण ती त्याच भांड्यातल्या भाताची. एकाच भांड्यातली बावीस शितं चेपली, तरी शेजारच्या चुलीवरचा भात शिजला की नाही ते कळत नाही.

संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात या परिणामाला 'डिझाइन इफेक्ट' म्हटलं. हिशेब सोपा आहे : गावामागे घरं जितकी, त्यातून एक वजा करा, त्याला गावातल्या साम्याच्या गुणांकाने गुणा आणि एक मिळवा. साम्य ०.३ धरलं तर २१ गुणिले ०.३ अधिक १, म्हणजे ७.३. आपल्या ८८० घरांचं वजन सुट्या निवडलेल्या जेमतेम १२० घरांएवढं. खरं उत्तर ५० टक्के, नऊ इकडे किंवा नऊ तिकडे. जिल्ह्याचं उद्दिष्ट ५५ टक्के असेल, तर पहिला हिशेब 'जिल्हा नापास' असा निकाल देतो. दुसरा सांगतो की या माहितीवरून निकाल देताच येत नाही.

अख्खं गाव उचला

उपाय बूटस्ट्रॅपमध्येच आहे. चिठ्ठ्या घरांच्या नव्हे, गावांच्या करायच्या. ४० चिठ्ठ्यांतून ४० वेळा उचलायचं. जे गाव येईल, त्याची बावीसही घरं एकत्र घ्यायची. नमुना जसा गोळा झाला, तसाच तो पुन्हा काढायचा, हे या रीतीचं मर्म.

'आर' किंवा 'पायथन' या संगणकभाषांत हे लिहिताना दोन ठिकाणी पाय घसरतो. एक : निवडलेल्या गावांची यादी करून मूळ तक्ता नुसता गाळला, तर तीनदा आलेलं गाव एकदाच उरतं आणि प्रत्येक फेरीत जेमतेम ६३ टक्के गावं शिल्लक राहतात. संगणक तक्रार करत नाही. आकडा मात्र बिघडतो. म्हणून गाव जितक्यांदा आलं, तितक्यांदा त्याच्या ओळी जोडाव्या लागतात. दोन : पुढच्या गणितात गावाचा क्रमांक वापरायचा असेल, तर प्रत्येक प्रतीला नवा क्रमांक द्यायचा, नाहीतर एकाच गावाच्या दोन प्रती मिळून एक मोठं गाव होतं.

गावंच पाच-सात असतील, तर ही रीतही दुबळी पडते. अशा वेळी कॅमेरॉन, गेल्बाक आणि मिलर या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये तपासलेला 'वाइल्ड क्लस्टर बूटस्ट्रॅप' पुष्कळदा उपयोगी पडतो. पण न पाहिलेल्या गावांची माहिती कोणतंही गणित निर्माण करत नाही.

नमुन्यावरूनच त्याची चूक जोखण्याच्या या विचाराचं एक मूळ भारतात आहे. बंगालमधल्या तागाच्या पिकाच्या सर्वेक्षणांत प्रशांतचंद्र महालनोबीस एकाच प्रदेशातून स्वतंत्र उपनमुने घेत आणि त्यांच्या उत्तरांतल्या फरकावरून चूक जोखत. बूटस्ट्रॅपचा पूर्वेतिहास लिहिताना संख्याशास्त्रज्ञ पीटर हॉल यांनी त्यांना मानाचं स्थान दिलं आहे.

आजही देशाच्या आरोग्याचं चित्र अशाच समूहांतून उभं राहतं. मुंबईच्या देवनारमधल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने समन्वय केलेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ मध्ये, सुमारे ६.३७ लाख कुटुंबांची माहिती घेतली गेली. निवड मात्र आधी गावांची आणि शहरी गणना-गटांची, मग प्रत्येकातल्या २२ कुटुंबांची. जिल्ह्याच्या आकड्यात दोन-तीन टक्क्यांची चढ-उतार दिसली की मथळे सजतात. त्याआधी त्या जिल्ह्यातली किती गावं पाहिली, हे विचारायला हवं.

सर्वेक्षण आखणाऱ्यांनी तर हा हिशेब आधीच मांडावा. तीच ८८० घरं ८० गावांतून, गावामागे ११ घेतली, तर डिझाइन इफेक्ट ४ वर येतो आणि १२० ऐवजी २२० घरांएवढी माहिती हाती लागते. प्रवासाचा खर्च वाढतो हे खरं. पण ज्या आकड्यावर एखाद्या गावाला पाणी मिळणार की नाही हे ठरतं, त्यासाठी आणखी चाळीस गावांची वाट तुडवणं हा खर्च रास्त आहे.