पाव किलोचा भाव

सोलापुरात मधल्या मारुतीच्या अलीकडेच रिक्षा अडकते. पुढे टेम्पो, टेम्पोपुढे हातगाडी, हातगाडीसमोर पाठीवर कट्टा घेतलेला हमाल. "इथंच उतरा ओ, आता पुढं काय जात नाही," म्हणत रिक्षावाला इंजिन बंद करतो. सकाळचे अकरा वाजलेत. एप्रिलचं ऊन. दुकानांपुढचे पत्रे आताच तापलेत. आधी मिरचीचा ठसका लागतो, मग गुळाचा वास येतो.

मंगळवार पेठेतली ही दुकानं आत खोलवर गेलेली. दारात पोती, त्यांची तोंडं दुमडलेली, प्रत्येकात पुठ्ठ्याची पाटी खोचलेली. तूरडाळीचीच चार पोती. १०८, ११५, १२०, १३२. फटका डाळ पिवळीधमक, चकचकीत. तिच्या शेजारची जरा मळकट, कुठेकुठे साल चिकटलेली. साखरेचे दोन प्रकार, बारीक एस आणि जाड एम. एमला दोन रुपये जास्त. चहात दोन्ही सारख्याच विरघळतात, पण कार्याच्या यादीत जाडच लिहिलेली असते.

ज्वारीपाशी मात्र कुणी पाटी बघत नाही. हात थेट पोत्यात जातो. मूठभर दाणे तळहातावर, एक फुंकर, मग एक दाणा दाताखाली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. इथे पाटीवर नुसतं 'मंगळवेढा मालदांडी', आणि भाव शेजारच्या पोत्यापेक्षा बारा रुपयांनी चढा.

"खरंच तिकडचीच आहे का ओ?"

"काळ्या रानातली हाय अक्का. भाकरी करून बघा की एकदा."

अक्का ऐकून घेतात आणि पुढच्या दुकानात जाऊन तोच प्रश्न विचारतात.

आत तांदळाची थप्पी छताला टेकलीय. कट्ट्यावर २६ किलो छापलंय. हा वरचा एक किलो करानं आणलेला. २०२२ च्या जुलैत २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्यावर पाच टक्के जीएसटी लागला आणि कट्टा त्या मर्यादेच्या पलीकडे सरकला. पोत्यातून सुटं मोजून दिलेल्या डाळीला हा कर नाही. शहराच्या पूर्व भागातल्या दोन जावा एक कट्टा मिळून घेतात. तेलुगूत काहीतरी ठरतं, अर्धे पैसे एकीच्या कनवटीतून निघतात, अर्धे दुसरीच्या.

यादी दिली की वाट बघायची. पोरगा आतून पुड्या आणून टाकतो, मालक फोनवर बोलता बोलता आकडे मांडतो. बाकावर तीन बायका, मधे पाण्याचा जार. घाम पुसायला पदर, वारा घ्यायलाही पदरच. "इथं साठ रुपये वाचतात," एक जण सांगते, "त्यातले चाळीस रिक्षाला." तरीही ती येते. महिन्याचं एकदाच भरायचं असेल तर परवडतं, असं तिचं म्हणणं.

दुपारी जुळे सोलापूरकडे. सुपरमार्केटचं काचेचं दार आपोआप सरकतं आणि अंगावर गार हवा येते. काही जण या हवेसाठीच आलेत, हे त्यांच्या रिकाम्या ट्रॉलीवरून कळतं. तूरडाळ इथे ११८, पाकिटात, निवडलेली. साखर बाजारापेक्षा एक रुपयानं कमी. पाटीवर मूळ किंमत खोडलेली, खाली नवी, लाल अक्षरांत.

तेलाच्या फळीसमोर एक आजोबा चष्मा कपाळावर चढवून पिशव्या डोळ्यांजवळ धरतात. दोन्ही पिशव्या दिसायला एकाच मापाच्या. एकीवर १ लिटर, ९१० ग्रॅम. दुसरीवर बारीक अक्षरांत ८५० ग्रॅम. दुसरी सात रुपयांनी स्वस्त. आजोबा फोनवर भागाकार करतात, पुन्हा करतात आणि पहिली पिशवी उचलतात. स्वस्त होती ती महाग निघाली. बाकीचे एवढा वेळ थांबत नाहीत. हात लांबवतात, पुढे जातात.

पैसे द्यायच्या रांगेत ट्रॉलीला ट्रॉली लागलेली. साखरेला आलेल्यांच्या घरात आता बादली, बिस्किटं आणि पायपुसणं चाललंय. साखरेवरचा वाचलेला रुपया या ढिगात शोधायला नको.

परतीच्या वाटेवर रेशन दुकान. इथे तुलना करण्यासारखा भावच नाही. २०२३ च्या जानेवारीपासून प्राधान्य कार्डावर माणशी पाच किलो धान्य फुकट. मोजायची ती रांग. भिंतीच्या सावलीला चपला आणि पिशव्यांनी नंबर धरलेत. विडी वळून वळून बोटं गुळगुळीत झालेली एक बाई तिसऱ्यांदा अंगठा ठेवते. मशिन घेत नाही. ती अंगठा पदराला घासते, दुसरं बोट ठेवते. मागची बाई हातातलं कार्ड पंख्यासारखं हलवते. मशिन वाजतं.

संध्याकाळ. कन्ना चौकापलीकडची गल्ली. मागाचा खडखडाट भिंतीतून येतोय. किराणा दुकान एका खोलीचं. दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबतात. तूरडाळ इथे किलोला १३०. पण किलो कोण मागतंय? अर्ध्या तासात एकानंही किलोभर काही घेतलेलं नाही. पाव किलो डाळ पस्तीस रुपयांना. म्हणजे किलोला १४० पडली, दिवसभरात पाहिलेल्या भावांतली सगळ्यात महाग. गिऱ्हाईकं मात्र हातावर पोट असलेली. विडीचा पगार आठवड्यानं होतो, तो व्हायला अजून दोन दिवस आहेत.

हिशेब इथेही चालू आहे. एक मुलगी मोबाइलवरची जाहिरात दुकानदारापुढे धरते. "अण्णा, तिकडं बघा, बारा रुपये कमी लावलंय."

"आण की मग तिकडनं," अण्णा वजनकाट्यावरून नजर न काढता म्हणतात. "वहीत पण तिकडंच लिहून घे म्हणावं."

मुलगी हसते. आईनं सांगितलेलं आठवून मागते, पाव डाळ, पाच रुपयांची चहाची पुडी, दहाचा गूळ. काट्यावर डाळ २४८ ग्रॅमवर थांबते. अण्णा आणखी चिमूटभर टाकतात. २५४. मग गल्ल्याखालची लांबोडकी वही काढतात, थुंकी लावून पान उलटतात, आणि मुलगी मान वाकडी करून त्यांनी पन्नास लिहिले की पंचावन्न, ते बघून घेते.