पोकलेनवर कोड आला की आधी मीटर काढा

मॉनिटरवर कोड झळकला की साइटवर पहिला प्रश्न येतो, 'कुठला सेन्सर गेला?' मालकाचे पैसे तिथूनच वाया जायला लागतात. कोडमध्ये सेन्सरचं नाव असतं हे खरं, पण कंट्रोलरला सेन्सर दिसत नाही. वायरच्या त्याच्या बाजूच्या टोकाशी किती व्होल्टेज आलं, किती करंट गेला, एवढंच त्याला कळतं. ते ठरलेल्या हद्दीबाहेर गेलं की तो त्या सर्किटचा नंबर लावतो. सर्किटमध्ये सेन्सर आला, हार्नेस आला, मधले कनेक्टर आले, अर्थ आला आणि खुद्द कंट्रोलरही आला. यातलं नेमकं काय बिघडलंय ते मोजूनच काढावं लागतं.

आजच्या बहुतेक इंजिनांचे कोड एसएई जे१९३९ या पद्धतीचे असतात. त्यात दोन आकडे येतात. एसपीएन सांगतो कुठलं सर्किट, एफएमआय सांगतो बिघाड कुठल्या तऱ्हेचा. फोनवर कोड कळवताना ऑपरेटर बहुधा पहिलाच आकडा सांगतो, आणि खरी माहिती दुसऱ्यात असते. एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइलचं प्रेशर. त्याच्यासोबत एफएमआय १ असेल तर सिग्नल ठीक आहे आणि प्रेशरच धोक्याच्या पातळीखाली गेल्याचं तो सांगतोय. इंजिन त्याच क्षणी बंद करा, डिपस्टिक बघा, मेकॅनिकल गेज लावून खात्री करा. त्याच १०० सोबत ३ असेल तर सिग्नलचं व्होल्टेज हद्दीच्या वर आहे, ४ असेल तर खाली, म्हणजे तक्रार वायरिंगची किंवा सेन्सरची. अशा वेळी मॉनिटरवरच्या प्रेशरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. तो याच बिघडलेल्या सर्किटमधून येतो. ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं आणि ६ म्हणजे करंट जास्त किंवा वायर बॉडीला लागलेली. हे दोन आकडे बहुतेक वेळा सॉलेनॉइडच्या सर्किटवर दिसतात.

'पंपाचा कोड आला म्हणजे पंप गेला' ही समजूत सगळ्यात महागडी. कोमात्सूच्या पीसी२०० च्या जुन्या मालिकांत ई०२ हा कोड येतो. बूम सुस्त, भार आला की इंजिन दबतं, म्हणून पंप उतरवायची बोलणी सुरू होतात. ई०२ हा पंपावरच्या प्रपोर्शनल सॉलेनॉइडच्या इलेक्ट्रिकल सर्किटचा कोड आहे. या सॉलेनॉइडला मिळणाऱ्या करंटवर पंपानं इंजिनवर किती भार टाकायचा ते ठरतं. करंट तुटला तर पंप हात आखडता घेत नाही आणि इंजिन दबतं. पंप आतून झिजला तर ई०२ येत नाही. कॅबमधला पंपाचा इमर्जन्सी स्विच टाकला की ठरावीक करंट थेट सॉलेनॉइडला जातो. त्यानं मशीन चालायला लागलं तर पंप आणि सॉलेनॉइड दोन्ही काम करतायत, शोध कंट्रोलरच्या बाजूच्या वायरिंगमध्ये घ्यायचा. एक पैसा न घालवता होणारी ही तपासणी आहे, आणि ती न करताच पंप खोललेला बघितला की जीव तुटतो.

आता त्या मीटरच्या 'बीप'बद्दल. वायरच्या दोन्ही टोकांना प्रोब लावले, बीप वाजला, वायर ओके. असं नसतं. बीपसाठी मीटर अगदी नगण्य करंट सोडतो. हार्नेस क्लॅम्पला घासून वायरीच्या सगळ्या तारा तुटल्या आणि दोनच उरल्या तरी बीप वाजतो. सॉलेनॉइडचा खरा करंट जायला लागला की त्या दोन तारांवरच व्होल्टेज पडतं आणि पुढे पुरेसं पोचत नाही. म्हणून सर्किट चालू ठेवून, भाराखाली मोजायचं. एक प्रोब वायरच्या या टोकाला, दुसरा त्याच वायरच्या त्या टोकाला. चांगल्या वायरवर व्होल्टच्या एक-दोन दशांशांहून जास्त दिसता कामा नये. अर्थच्या वायरीही अशाच तपासा. तिथला बोल्ट वरून घट्ट दिसतो आणि खाली रंग नाहीतर गंज असतो.

एकदम सहा-सात कोड आले की 'ईसीएम (इंजिनचा कंट्रोलर) उडाला' असं ठरवून मोकळे होऊ नका. प्रेशरच्या बऱ्याच सेन्सरांना कंट्रोलर एकाच ५ व्होल्टच्या लाइनवरून सप्लाय देतो. त्यातला एक सेन्सर शॉर्ट झाला की सगळी लाइन खाली बसते आणि धडधाकट सेन्सरांचेही कोड लागतात. सेन्सरांचे कनेक्टर एकेक करून काढा. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तो सेन्सर दोषी. दुसरं कारण बॅटऱ्या. २४ व्होल्टच्या मशीनवर त्या भरलेल्या असतील तर साधारण २५ व्होल्ट दाखवतात, पण स्टार्टर फिरताना व्होल्टेज फार पडलं तर कंट्रोलर क्षणभर झोपतात आणि एकमेकांवर संपर्क तुटल्याचे कोड लावतात. कोड कुठल्या अवर मीटरला आणि कितीदा लागला ते मॉनिटरमध्ये दिसत असेल तर तिथे हे उघड होतं. संपर्काचे कोड तरीही राहिले तर बॅटरीचा मेन स्विच बंद करून, कंट्रोलरांना एकमेकांशी जोडणाऱ्या कॅन लाइनच्या दोन वायरींमध्ये ओहम मोजा. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून मीटरवर ६० च्या आसपास यायला हवं. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना लागल्यात.

बॅटरीची वायर काढून कोड घालवणं ही दुरुस्ती नाही. काही मशीनवर सेव्ह झालेले कोड त्यानं जातही नाहीत, आणि गेले तर कधी आला, कितीदा आला हा हातातला पुरावा गेला. आधी सगळे कोड लिहून घ्या किंवा फोटो काढा, मगच पुसा. उलट बाजूनं, कोड नाही म्हणून बिघाड नाही असंही नाही. अडकलेला स्पूल किंवा झिजलेली सील कंट्रोलरला कळतीलच असं नाही.

टेस्ट लॅम्प हेडलाइटसाठी ठेवा. ५ व्होल्टच्या सर्किटवर तो झेपेल त्याहून जास्त करंट ओढतो आणि कंट्रोलरला इजा करू शकतो. सुईनं वायर टोचून बघायची सवयही सोडा. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि तांबं आतल्या आत हिरवं पडतं. कनेक्टर उघडून तोंडासमोर धरा आणि पिना निरखा. एखादी पिन बाकीच्यांपेक्षा दोन-तीन मिलिमीटर आत सरकलेली दिसेल. कनेक्टर बंद केल्यावर 'टक्' आवाज येतो, सगळं बसल्यासारखं वाटतं, पण ती पिन समोरच्या पिनेला जेमतेम शिवते. मशीन थंड असताना कोड नाही, पंपाजवळ तापलं की कोड, अशी तक्रार असेल तर शोध इथून सुरू करा.

कंट्रोलर बदलायची पाळी सगळ्यात शेवटी, त्याच्या सप्लायच्या आणि अर्थच्या सगळ्या पिनांवर भाराखाली व्होल्टेज बरोबर आल्यावर. आणि नवा कंट्रोलर आणताना मशीनचं मॉडेल आणि सीरियल नंबर सोबत द्या. बऱ्याच मशीनवर तो त्या मशीनपुरता प्रोग्रॅम केल्याशिवाय चालत नाही.