चिमटा बदलायचा की नुसता स्टेम?

कसारा घाट उतरून खर्डीकडे निघालेला सायकलवाला उंबरमाळीपर्यंत पोचतो तोवर त्याने पुढचा ब्रेक भरपूर दाबलेला असतो. हेडचे छर्रे ढिले असतील तर हँडलमधून टक्‌टक् इथेच ऐकू येते. जुन्या सायकलीत ते आवळायला दोन मोठे पाने लागतात, बिनआट्याच्या सायकलीत खिशातली ॲलन-की. बदलाचा मोह तिथून सुरू होतो.

जुन्या पद्धतीत चिमट्याच्या नळीच्या टोकाला आटे असतात. त्यांवर वरची वाटी फिरवून छर्रे दाबायचे आणि वरून नट आवळायचा. हँडलचा स्टेम नळीच्या आत जाऊन पाचरीने अडकतो. नव्या पद्धतीत नळी गुळगुळीत आणि उंच असते, स्टेम तिला बाहेरून पकडतो. जुनी नळी वाटीच्या जरा वर संपते, म्हणून स्टेमला धरायला काही उरत नाही. थोडक्यात, चिमटाच नवा लागतो.

दांडीच्या ब्रेकची काळी सायकल असेल तर हा नाद सोडा. चिमटा, ब्रेक, हँडल सगळंच बदलावं लागेल. फक्त नव्या जातीचा स्टेम हवा असेल तर २२.२ मिमीचा अडॅप्टर जुन्या नळीत बसतो, वर २८.६ मिमीची नळी मिळते. माझ्या मते बहुतेकांनी इथेच थांबावं. मात्र हेडची टक्‌टक् त्याने जात नाही.

चिमटा वाकलाच असेल तर आधी मापं घ्या. १ इंची नळीच्या फ्रेममध्ये वाटीची जागा साधारण ३० मिमी असते, नऊ सूत म्हणजे १⅛ इंचीत ३४. दुसऱ्या मापाचे चिमटे सहज मिळतात, पहिल्याचे शोधावे लागतात. नव्या चिमट्याची उंची, चाकाचं माप आणि ब्रेकची जागा जुन्याशी जुळली पाहिजे.

स्टेमचा बोल्ट काही फेरे सैल करून त्यावर लाकूड ठेवून ठोका, पाचर सुटते. चिमटा काढताना खाली फडकं अंथरा, छर्रे पळतात. नव्या वाट्या हातोडीने ठोकू नयेत. आट्यांची सळई आणि जाड वॉशर लावून हळूहळू सरळ ओढाव्यात. वाटी तिरपी गेली तर फ्रेमचं तोंड बिघडतं. नळी कापायच्या आधी सगळं एकदा जुळवून पाहा. कापलेली नळी स्टेमच्या वरच्या काठापेक्षा सुमारे ३ मिमी खाली राहावी, म्हणजे स्टेमवरची टोपी नळीवर न टेकता स्टेमला दाबते.

आता क्रम, इथेच गडबड होते. स्टेमचे बाजूचे बोल्ट सैल ठेवूनच टोपीचा बोल्ट आवळा. खेळ जाईल पण हँडल सहज फिरेल, तिथे थांबा. मग स्टेम चाकाशी सरळ करून बाजूचे बोल्ट घट्ट करा. चिमट्याला खरं धरून ठेवतात ते हेच. टोपीचं काम फक्त दाब देण्याचं. बाजूचे बोल्ट आधी घट्ट केले तर टोपी कितीही पिळा, छर्‍यांपर्यंत काहीच पोचत नाही.

शेवटी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा आणि खालच्या वाटीच्या फटीवर बोट ठेवा. बोटाला हालचाल जाणवली तर बाजूचे बोल्ट सोडून पुन्हा टोपीपासून सुरुवात.