डेलिरियम: रुग्णाची तपासणी की मेंदूचा आलेख?

आजारपणात किंवा शस्त्रक्रियेनंतर काही तासांत वा दिवसांत उद्भवणारा मानसिक गोंधळ म्हणजे डेलिरियम. तो ओळखण्याचे दोन मार्ग:

● खाटेजवळची तपासणी: शॅरन इनोये आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेली ‘कॅम’ पद्धत जगभर वापरली जाते. अचानक सुरू झालेला, कमीजास्त होणारा गोंधळ आणि लक्ष न लागणे ही दोन्ही लक्षणे हवीतच. जोडीला विस्कळीत विचार किंवा बदललेली शुद्ध. तपासणी काही मिनिटांची. पण गप्प पडून राहणारा रुग्ण नजरेतून सुटू शकतो.

● ईईजी (मेंदूचा आलेख): डेलिरियममध्ये मेंदूच्या लहरी मंदावतात, हे जॉर्ज एंगेल आणि जॉन रोमानो यांनी १९४०च्या दशकात दाखवले. मात्र स्मृतिभ्रंशातही त्या मंदावू शकतात. दारू अचानक थांबल्यावर होणाऱ्या डेलिरियममध्ये उलट वेगवान दिसू शकतात.

● निष्कर्ष: निदानाचा पाया तपासणीच. अशाच गोंधळामागे असू शकणारा, बाहेरून झटके न दिसणारा अपस्मार ओळखायला मात्र ईईजी हवाच.

कालपर्यंत नीट बोलणारे आजी-आजोबा आज असंबद्ध बोलत असतील, तर ‘वयच झालंय’ म्हणून सोडून देऊ नका. लगेच डॉक्टरांना सांगा.