मोठ्या कोष्टकांतील विभाग व ते काढण्याची रीत

यवतमाळकडील कागद ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांस एक अडचण परिचयाची असेल. सन १९०५ पूर्वीं यवतमाळ नांवाचा जिल्हा नव्हता. वणी जिल्हा होता, आणि पुसद तालुका वाशीम जिल्ह्यांत मोडत असे. त्या सालीं वऱ्हाडांतील जिल्ह्यांची फेररचना होऊन पुसद वणीस जोडिलें, नांव यवतमाळ झालें व वाशीम जिल्हा मोडला. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं पुनः झाला, पण पुसद त्यांत नाहीं.

अलीकडे संग्रहांच्या याद्या संगणकावर चढत आहेत. यादी लक्षावधि ओळींची झाली म्हणजे एखाद्या स्तंभावरून तिचे विभाग पाडितात. दफ्तराचे रुमाल बांधावे तसेंच हें. त्या स्तंभावरून शोध घेतल्यास यंत्र बाकीचे रुमाल सोडीतच नाहीं. आणि नको असलेला रुमाल, ओळ न् ओळ खोडीत न बसतां, क्षणांत टाकतां येतो.

भय आहे तें येथेंच. यादी जिल्हावार विभागलेली असली तर एखादा नवा लेखनिक म्हणेल, वणी जिल्हा आज कोठें आहे? काढा तो विभाग! तेवढ्यानें त्या जिल्ह्याच्या सर्व नोंदी गेल्या. त्यांत शब्दांचाही घोटाळा आहे. मायएसक्यूएल या प्रणालींत 'ड्रॉप पार्टिशन' म्हटलें कीं विभाग आंतील नोंदींसकट जातो. 'रिमूव्ह पार्टिशनिंग' म्हटलें तर केवळ भिंती पडतात, नोंदी राहतात. पोस्टग्रेसमध्यें 'डिटॅच' अशी आणखी एक रीत आहे. तिनें विभाग मूळ कोष्टकापासून सुटतो, परंतु स्वतंत्र कोष्टक म्हणून शाबूद राहतो. आम्हांस हीच रीत पसंत आहे: आधीं सोडवावा, नोंदी मोजाव्या, प्रत अन्यत्र ठेवून ती उघडून पाहावी, आणि मगच टाकणें तें टाकावें.

विभाग पाडणें तर कागदाच्या सालावरून पाडावे. सरकारच्या फेररचनेनें साल बदलत नाहीं. जिल्ह्यास दोन स्तंभ द्यावे, तत्कालीन व आजचा. प्रश्न उरतो मिती फाटलेल्या कागदांचा, व असे कागद थोडे नसतात. पोस्टग्रेसमध्यें त्यांजकरितां 'डिफॉल्ट' विभाग आधींच करून ठेवितां येतो. मायएसक्यूएलमध्यें मात्र, सालांच्या मर्यादांवरून विभाग पाडिले असतां, साल रिकामें असलेली नोंद सर्वांत जुन्या विभागांत जाऊन बसते. आणि विभाग काढूं लागलें म्हणजे बहुधा पहिला हात त्यावरच पडतो.