यंत्राचा गाभा आणि त्याची दारे



जो यंत्र चालवितो, त्याला ते उघडून पाहण्याचा अधिकार आहे काय? कामगार चळवळीत ज्याचे आयुष्य गेले, त्याला हा प्रश्न नवा नाही. आज तो संगणकाविषयी विचारावयाचा आहे.

संगणकात अनेक कार्यक्रम चालतात. परंतु स्मृतीला किंवा तबकडीला त्यांनी परस्पर हात लावावयाचा नसतो. तो अधिकार एकट्या ‘कर्नल’चा. हा पलटणीतला कर्नल नव्हे. या शब्दाचा अर्थ बीमधला गर, म्हणजे गाभा. युनिक्स ही प्रणाली केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी 1969 साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत सुरू केली. त्याच धर्तीवर 1991 मध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्सचा गाभा लिहिला. 1992 पासून त्याचा परवाना असा, की मूळ लिखाण कोणीही वाचावे, बदलावे, वाटावे. मात्र घेणाऱ्यालाही तोच हक्क द्यावा.

आता हा गाभा आपल्यापुरता घडवावयाचा कसा? वाटप करणाऱ्यांना आपले यंत्र ठाऊक नसते. म्हणून ते शेकडो उपकरणांचे चालक, म्हणजे ड्रायव्हर, सोबत देतात. ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की त्यांची यादी समोर येते. बहुतेक कलमांना तीन उत्तरे असतात: ‘वाय’ म्हणजे गाभ्यातच हवा, ‘एम’ म्हणजे वेगळा ठेवा, लागेल तेव्हा बोलावू, ‘एन’ म्हणजे नको. येथे एक मेख आहे. ज्या तबकडीवर सारी प्रणाली आहे, तिचाच चालक वेगळा काढून तिच्यावरच ठेवला, तर कपाटाची किल्ली कपाटात राहिली! तो गाभ्यात तरी हवा, नाही तर आरंभी स्मृतीत उतरणाऱ्या छोट्या संचात तरी. मग ‘मेक’ म्हणताच आपल्या उत्तरांप्रमाणे गाभा तयार होऊ लागतो. नवा बसविताना जुना मात्र पुसू नये. नवा करार अंमलात येईपर्यंत जुना सोडू नये, हे आम्हा युनियनवाल्यांना कोणी शिकवावयास नको.

गाभा झाला, त्याची दारे कोणती? युनिक्समध्ये बहुतेक उपकरणे ‘डेव्ह’ नावाच्या कप्प्यात फायलींच्या रूपाने दिसतात. अशा फायलीत मजकूर नसतो. तिच्यावर दोन क्रमांक असतात: पहिला चालक कोणता ते सांगतो, दुसरा त्याच्या हाताखालचे उपकरण कोणते ते. लिनक्समध्ये ‘नल’चे क्रमांक 1 व 3, तिच्यात टाकाल ते नाहीसे होते. ‘एसडीए’ ही तबकडी 8 व 0, तिचा पहिला भाग 8 व 1. पूर्वी ही दारे ‘एमकेनॉड’ या आज्ञेने हातांनी बसवीत. 2009 पासून गाभा ती स्वतःच उभी करू शकतो. मात्र आत चालकच नसेल, तर दार ठोठावूनही ओ मिळत नाही.

प्रत्येक दारावर मालक, गट आणि इतर अशी तीन प्रकारच्या लोकांसाठी परवानगी लिहिलेली असते. यंत्र कोणाचे ऐकणार, याचा निकाल बराचसा तेथेच लागतो.

घरच्या संगणकासाठी गाभा घडविण्याची गरज आज क्वचितच पडते. लहान यंत्रे बनविणाऱ्यांना ती नेहमीची आहे. पण प्रश्न केवळ गरजेचा नाही. परवान्यात लिहिलेला हक्क आपोआप जिवंत राहत नाही. तो वापरणारे, वापरावयास शिकविणारे लोक गावोगाव असतील, तरच तो टिकेल.