मूल सांभाळण्यासाठी बाई : नोकरदार पालकांना परवडते का?

जयपूरमधील मानसरोवर, मालवीय नगर यांसारख्या वसाहतींत आई-वडील दोघेही नोकरी करणारी अनेक कुटुंबे राहतात. २०१७ च्या कायदेदुरुस्तीने सवेतन प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. मात्र ही रजा संपल्यावर सहा महिन्यांच्या बाळाला दिवसभर कोण सांभाळणार, हा प्रश्न उरतोच. आजी-आजोबा जवळ नसतील, तर बहुतेक पालक प्रथम बाईचा विचार करतात.

हिशेब काय सांगतो?

राजस्थान सरकारने २०१६ मध्ये घरकामगारांसाठी दररोज आठ तासांच्या कामास दरमहा ५,६४२ रुपये किमान वेतन ठरवले. महिन्याचे २६ दिवस धरल्यास हा दर तासाला सुमारे २७ रुपये पडतो. परंतु नऊ तासांचे कार्यालय आणि येण्या-जाण्याचे दोन तास मिळून पालक अकरा तास घराबाहेर असतात. वरच्या तीन तासांना दुप्पट दराने मोबदला दिल्यास ही रक्कम ९,८०० रुपयांच्या पुढे जाते. दरमहा २५,००० रुपये मिळवणाऱ्या व्यक्तीच्या पगाराचा हा जवळपास ४० टक्के भाग होय. शिवाय हा दर २०१६ चा, आणि तोही किमान आहे.

अनेक घरांत हा खर्च केवळ आईच्या पगारातून वजा केला जातो आणि ‘त्यापेक्षा नोकरी सोडलेली बरी’ असा निष्कर्ष निघतो. ही पद्धत सदोष आहे. मूल दोघांचे असल्याने खर्चही दोघांच्या उत्पन्नातून मोजावयास हवा. नोकरी सोडल्यास पगाराबरोबर भविष्य निर्वाह निधी, सेवाज्येष्ठता आणि पुढील वेतनवाढीही जातात.

दुसरी बाजू

जयपूरच्या घरकामगारांत पश्चिम बंगालमधील कूचबिहार भागातून आलेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. त्यांपैकी अनेकींची स्वतःची मुलेही लहान असतात. बाई ‘स्वस्त’ मिळते, तेव्हा उरलेली किंमत बहुधा तिचे मूल चुकवत असते; त्याला सांभाळण्यासाठी मोठ्या बहिणीला शाळा सोडावी लागू शकते. म्हणूनच केवळ पगार कमी ठेवून परवडणारी व्यवस्था खऱ्या अर्थाने परवडणारी म्हणता येत नाही.

पर्याय कोणते?

एका मुलामागे एक व्यक्ती ही व्यवस्था स्वभावतःच महाग आहे. पाळणाघरात तोच खर्च अनेक कुटुंबांत वाटला जातो. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे २०१७ पासून बंधनकारक झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. अनेक आस्थापनांना मिळून सामायिक पाळणाघर चालवण्याची मुभाही तिच्यात आहे. सीतापुरासारख्या औद्योगिक वसाहतीत ही सोय विशेष उपयुक्त ठरू शकते. केंद्राच्या ‘पालना’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघरे चालवली जातात. तेथे बाई आणि मालकीण या दोघींच्याही मुलांना जागा मिळू शकते.

पालकांनी प्रथम आपल्या आस्थापनेत या सुविधेची चौकशी करावी. बाई ठेवायचीच असल्यास कामाचे तास, साप्ताहिक सुटी, आजारपणाची रजा व वेतन आधीच लेखी ठरवावे. दोन शेजारी कुटुंबांनी मिळून एक बाई ठेवल्यास खर्च विभागला जातो आणि तिला योग्य वेतन देणेही शक्य होते.